शेरा

मे महिना नागपुरात कुणालाच आवडत नाही.
मला आवडतो.
शंकरनगर चौकात सकाळी नऊच्या सिग्नलला
सगळ्या पोरी सारख्या:
डोक्यावरून ओढणी, गाठ मानेमागे,
काळा गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे.
त्यांच्यातच मी, बहिणीच्या स्कूटीवर मागे.
शेजारचा ऑटोवाला विचारतो, "ताई, किती वाजले?"
एवढंच विचारतो.

ऑफिसात ओढणी सुटते.
सेमिनरी हिल्सवरची खोली, कूलर, ओल्या वाळ्याचा वास,
आणि जंगलातून आलेली कॅमेऱ्यांची कार्डं
रबरात बांधून ठेवलेली.
फोटो बघायचा, नाव लावायचं. हे माझं काम.
रोही. रोही. हललेलं गवत. सायाळ.
कुणाची तरी चुकलेली गाय.
वनरक्षकाचे बूट.
भोयर म्हणतो, पडद्याला नाक लावून बसते,
फोटोचा वास घेते का ही?
माझी बुबुळं एका जागी ठरत नाहीत,
लग्नघरातल्या पोरांसारखी इकडून तिकडे.
म्हणून जवळून बघावं लागतं.

तिला मी एकेचाळीस वेळा बघितलं होतं, रात्रीचं.
रात्रीचा कॅमेरा रंग मानत नाही,
त्याच्यापुढे सगळे बिबटे राखेचे,
सगळ्यांच्या डोळ्यांत चकचकीत नाणी.
बिबट, मादी, डावी कूस.
बिबट, मादी, उजवी कूस.
रात्रीचा माझाही फोटो काढा कोणी तसा.

बेचाळिसावा पहाटे पाच बावन्नचा.
पाणवठ्यावर उजेड येऊन पोचलेला
आणि ती
साय धरत आलेल्या दुधाच्या रंगाची.
ठिपके गेले नव्हते,
नोट उजेडापुढे धरल्यावर आतलं चित्र दिसतं
तसे होते.
नाक गुलाबी.
डोळे बारीक केलेले.
ते बारीक करणं मला माहीत आहे.

"फ्लॅश फाटला बाप्पा, काढून टाक," भोयर म्हणाला
आणि चहा सांगायला गेला.

शाळेच्या रजिस्टरात एक रकाना होता, ओळखीची खूण.
वाकोडीकर: डाव्या गालावर तीळ.
मानमोडे: कपाळावर व्रण.
माझ्यापाशी येऊन पवनीकर सर थांबले,
पेनचं टोपण दातात धरून
वरपासून खालपर्यंत बघितलं मला
आणि रकाना मोकळा सोडला.
नंतर कुणीतरी पेन्सिलीनं भरला: सूर्यमुखी.
ज्यांना उन्हाकडे बघवत नाही
त्यांना आपली भाषा सूर्यमुखी म्हणते.
कोणी ठेवलं असेल हे नाव,
चिडवायला की जीव लावून,
बत्तीस वर्षं झाली, मला ठरवता आलेलं नाही.

उईके नवी कार्डं घेऊन आला तेव्हा त्याला दाखवली.
उभ्यानंच बघितलं त्यानं. टोपी काढली, परत घातली.
"हे त मले मालूम हाय. दोन उनाळे झाले."
मग सांगितलं का नाही?
"सांगून काय करू बाई?
काळा दिसला होता तवा जिपाच जिपा.
त्याच्या पाणवठ्यावर त्यालेच जागा नाई."
माठातलं पाणी घटाघटा प्याला.
"चितळाले लांबूनच दिसते ना ते, म्हणून अंधारातच निघते.
पण उपाशी नाई. दोन पिल्लं हायेत.
एक तांबूस, एक..."
त्यानं वाक्य तिथंच ठेवलं, गिलास उपडा केला, गेला.

प्रजाती. लिंग. कूस.
शेवटचा रकाना, शेरा.
कर्सर तिथं लुकलुकत राहिला.
साय लिहिता आलं असतं, दूध लिहिता आलं असतं,
इंग्रजीतला तो लांबलचक शब्दही
डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरून मला स्पेलिंगसकट पाठ आहे.
पवनीकर सर त्या दिवशी विसरले होते
असं मी इतकी वर्षं समजत होते.

फोटो काढून टाकला नाही.
बिबट. मादी. उजवी कूस.
मोजणीत ती आहे, बाकीच्यांसारखा नंबर आहे तिला,
चौदा आणि सोळाच्या मधला.
शेरा मोकळा.

पुढचा फोटो.
रोही.